रुसणाऱ्यांची यादी

देवळाली प्रवरा गावात आबासाहेबांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि आबासाहेब नेमकं करतात काय हे सांगू शकेल असा माणूस तर त्यांच्या घरातही नव्हता. ऊस होता, तो वाट्याने दिलेला. चार गाई होत्या, त्यांचं शेण, चारा, धार सगळं बायकोच्या, म्हणजे सविताच्या गळ्यात. सोसायटीच्या निवडणुकीला ते दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले, त्यामुळे नावापुढे 'माजी' लावायचीही सोय राहिली नव्हती. मग उरलं एकच काम, आणि ते त्यांनी पंचवीस वर्षं इमानेइतबारे केलं. ते लोकांच्या लग्नांना जात.

नुसतं जात असं म्हटलं तर त्यांच्या कर्तबगारीचा अपमान होईल. तिथी दाट असली की दिवसाला पाच-सहा लग्नं व्हायची. सकाळीच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात घालून ते मोटारसायकलला किक मारत, ते राहुरी, वांबोरी, सोनई, कोल्हार असं करत अंधार पडताना परत येत. मांडवात शिरताना हात जोडलेले आणि नजर स्टेजकडे. माइकवाल्याने नाव पुकारेपर्यंत त्याच्या समोरून इकडून तिकडे फेऱ्या मारायच्या, पुकारलं की "कशाला, कशाला" करत वर चढायचं. फेटा बांधून घ्यायचा, नवरा-नवरीच्या मधे घुसून फोटो काढायचा, यजमानाला "पुढं दोन ठिकाणी जायचंय" असं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं आणि निघायचं. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर खालच्या अंगाला त्यांचं नाव छापलेलं असायचं, पुढे 'सामाजिक कार्यकर्ते'. त्यांनी कुठलं सामाजिक कार्य केलं हे छापणाऱ्यालाही विचारावंसं वाटलं नाही. एवढ्या वर्षांत घरी जमलेल्या फेट्यांची सविताने फडकी केली होती, आणि धार काढण्याआधी गाईंची कास ती त्या भगव्या-गुलाबी फडक्यांनीच पुसायची.

"तुमच्या मानाचा तेवढा तरी उपेग झाला," असं ती नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची.

सविता मुळात फटकळ. माहेर पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव, कोरडवाहू मुलूख. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला याच राहुरी-श्रीरामपूरच्या बाजूला यायचे आणि सविताला नि तिच्या थोरल्या भावाला, गहिनीनाथला, छबूबाईजवळ ठेवून जायचे. छबूबाई ही त्यांच्या आईची बहीण. नवऱ्याने टाकलेली, पदरी लेकरू नाही. सहा-सहा महिने या दोघांना तिने वाढवलं, शाळेत घातलं, पोरीच्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि काढताना पाठीत धपाटेही घातले. सविताचा फटकळपणा तिच्याकडूनच आलेला. आई दोन वर्षांमागे गेली तेव्हा सविता रडली, पण मावशीला ताप आला म्हणून कळलं की तिच्या हातून भांडी पडत.

सविताचं लग्न देवळालीच्या बागायतदाराच्या घरात झालं त्याचं तिसगावात केवढं कौतुक झालं होतं. टेम्पो भरून माणसं आली. हजारो लोक, मांडवाला तीन दारं, आणि मुहूर्ताची वेळ टळून गेली तरी कुणी एक पुढारी यायचा होता म्हणून भटजी गप्प. मग तो आला, मग त्याचं भाषण, मग त्याच्याबरोबरच्यांचे सत्कार, मग त्यांच्या पंगती. तिसगावची माणसं कडेच्या भिंतीला टेकून उभी होती. त्यांचा नंबर लागला तेव्हा बुंदी संपलेली, वांग्याच्या रश्श्यात वांगी नव्हती आणि भाताचं पातेलं उलथन्याने खरवडणं चाललं होतं. छबूबाई पाटावर बसून नुसतं पाणी प्यायली आणि उठली. करंजीच्या घाटाखाली टेम्पो थांबवून सगळ्यांनी शेव-चिवडा खाल्ला. नव्या नवरीला यातलं काही कुणी कळू दिलं नाही. चार वर्षांनी वहिनीच्या तोंडून निसटलं, तेव्हा सविता गोठ्यात जाऊन बसली आणि त्या रात्री नवऱ्याला तिने जेवायला वाढलं नाही. का वाढलं नाही हे त्याला आजही माहीत नाही.

म्हणून मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सविताच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. माणसं मोजकी बोलवायची, आणि पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर छबूमावशी बसवायची. बाकी लग्न चुलीत गेलं तरी चाललं असतं.

मुलगी जया नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिने भिंगारच्या रामला पसंत केलं. राम लष्कराच्या गोदामात सिव्हिलियन कारकून, शांत पोरगा, त्याच्या घरचेही शांत. "दोन्हीकडचे मिळून दोनशे, त्याच्यावर एक नको," असं त्याच्या वडिलांनी बैठकीतच सांगितलं. आबासाहेबांचा चेहरा उतरला. पण त्यांना बोलता येईना, कारण दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा घात करून ठेवला होता.

झालं होतं असं. समाजाची एक सभा भरली. लग्नातला बडेजाव बंद करा, डीजे नको, सत्कार नको, माणसं दोनशेच्या आत, असा ठराव आला. शपथ घ्यायला पुढे कोण येतंय असं विचारल्यावर आबासाहेब पहिले उठले. शपथेत काय लिहिलंय हे त्यांनी वाचलं नव्हतं. समोर कॅमेरा होता एवढं त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात उजवा हात पुढे केलेला फोटो आला, तो त्यांनी मोबाईलवरून अख्ख्या तालुक्याला पाठवला. आपल्या घरात एक पोरगी लग्नाची आहे हे त्यांच्या ध्यानात यायला मग आठवडा लागला.

"घ्या," सविता म्हणाली. "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. आता जेवा."

आबासाहेबांनी मात्र त्यातूनही वाट काढली. ते आता जिथे जातील तिथे सांगू लागले की क्रांती करायची तर सुरुवात घरापासून करावी लागते. लोक "वा वा" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "पण आमाला हाय ना आवतन?" आबासाहेब डोळा मिचकावून म्हणायचे, "तुमाला न्हाई तर कुनाला?" असं त्यांनी किती जणांना सांगितलं ते देवाला ठाऊक.

यादी करायला बसले ते संध्याकाळी गोठ्यासमोर. सविता धार काढत होती, आबासाहेब उलट्या घमेल्यावर बसून मुलीच्या जुन्या वहीत नावं लिहीत होते. वाट्याला आलेल्या शंभरात जयाच्या मैत्रिणी, शाळेतल्या बाई, नात्यातली जवळची घरं धरली की बाकी जागा आबासाहेबांच्या. पंचवीस वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या मांडवात ते फोटोला उभे राहिले होते, ती सगळी माणसं आता त्या वहीच्या दारात येऊन थांबली.

"कारखान्याचे चेअरमन," आबासाहेब म्हणाले.

"तुमाला वळखतो तरी का त्यो?"

"न्हाई बोलावलं तर रुसंल."

लिहिलं. मग चेअरमनचा भाऊ, तो रुसेल. त्याचा विरोधक, एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही म्हणून तो जास्तच रुसेल. सोसायटीचे सगळे, कारण एकाला वगळला तर उरलेल्यांना गटबाजी दिसेल. पतसंस्थेचा मॅनेजर, दूध संघाचा सुपरवायझर, एक ठेकेदार, आणि पोलीस पाटलाचा व्याही, तो कोण हे आबासाहेबांनाही आठवेना, पण गेल्या वर्षी तो कुठल्याशा लग्नात त्यांच्यावर रुसला होता एवढं आठवत होतं. जो रुसणार तो यादीत. या एका कसोटीवर पानं भरत गेली, आणि सविता खाली मान घालून हसत राहिली. एवढी रुसकी माणसं तालुका चालवतात हे तिला नवीन नव्हतं, फक्त एका जागी लिहिलेली ती पहिल्यांदा ऐकत होती.

पण शंभराचा आकडा ओलांडला. आता खोडायची वेळ आली. आबासाहेबांनी पहिलं नाव खोडलं ते त्यांच्या चुलतभावाचं, भागवतचं. विहिरीचं काम निघालं तेव्हा हा भागवत महिनाभर त्यांच्याबरोबर खाली उतरला होता.

"भागवतभावजींना?" सविताने हात थांबवून विचारलं.

"घरचाच हाय. समजून घेईल."

खरं तर तिथेच तिने बादली खाली ठेवून उठायला हवं होतं. पण भागवतच्या बायकोचं नि तिचं बांधावरून एकदा वाजलं होतं, त्यामुळे त्या खोडाखोडीत तिलाही थोडी गंमत वाटली. मग आबासाहेबांनी विचारलं, "चांगुणा?"

चांगुणा म्हणजे शेजारीण. सविताचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन्ही वेळची धार तिने काढली होती, आणि डब्यात भाकरी घेऊन दवाखान्यात यायची ती वेगळीच. लग्नाच्या दिवशी गाई कुणावर सोपवायच्या हा प्रश्न होताच.

"तिला ऱ्हाऊ द्या," सविता म्हणाली. "तवा गाई कोन बघंल? ती समजून घेईल."

आबासाहेबांनी खोडलं. बाई नवऱ्याला इतकी वर्षं हसली, आणि नवऱ्याचा कायदा तिच्या तोंडातून किती सहज बाहेर पडला हे तिच्या कानांनाही कळलं नाही.

उठताना तिने तेवढं बजावलं, "तिसगावला नीट सांगा. अन् मावशीला आनायला गाडी धाडा. मूळ धाडल्याबिगर, न्यायला कुनी गेल्याबिगर ती उंबरा ओलांडायची न्हाई."

"सांगतो की," आबासाहेब म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. फोनवर सांगितलं.

छबूबाईला ऐकू कमी येतं, मोबाईल तिच्याकडे नाही, आणि गहिनीनाथदादाला फोन केला की तो "बरं हाय, बरं हाय" याच्यापुढे जात नाही. सविताला मधल्या दिवसांत स्वतः तिसगावला जाऊन यायचं होतं. पण एक गाय व्यायली, मग बस्ता, मग जयाचे ब्लाऊज, असं करत ते राहिलं. दोनदा तिने नवऱ्याला विचारलं, तिसगावचं झालं का. दोनदा उत्तर आलं, "झालं म्हनलं ना." पंचवीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर तिने काडीचा भरवसा ठेवला नव्हता, त्याच्या या शब्दावर ती निर्धास्त राहिली. कामाच्या माणसाचंही असं होतं. जे करायचं मनात फार असतं ते झालंच असं धरून चालतं.

हळदीला तिसगावचं कुणी आलं नाही. "लांबचा पल्ला हाय, सकाळी डायरेक मांडवात येनार," आबासाहेब म्हणाले. लग्नाच्या सकाळी राहुरी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या दारात सविता पायघड्यांजवळ उभी होती. गहिनीनाथची मोटारसायकल आली. मागे कुणी नव्हतं. त्याने हँडलला अडकवलेली पिशवी काढली, त्यात मामाचा आहेर होता, आणि रुमालाने तोंड पुसत तो हसला.

"बाकीची?" सविताने विचारलं.

"बाकीची कुठली? दाजी म्हनले, दोनशेचा नियम हाय, पेपरात आलंय. मामा म्हनून तू एकटा ये. मंग आलो."

"वहिनी? पोरं?"

"त्यांचं काय एवढं."

"मावशी?"

गहिनीनाथने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिला सांगितलं मी, यादी भरली म्हनून. काय बोलली न्हाई ती."

सविता आत गेली तेव्हा आबासाहेब खुर्चीत बसून फेटा बांधून घेत होते. शपथेप्रमाणे फेटे बंद होते, पण ते विसरायला त्यांना फार वेळ लागला नव्हता. बांधणारा भोवती फिरत होता म्हणून त्यांना मान हलवता येईना. तिने विचारलं त्यावर त्यांनी आरशातूनच उत्तर दिलं.

"अगं, शंभरात बसवायचं किती जनांना? तुझी मानसं आपलीच हायेत. ती समजून घेत्याल. चेअरमन घेईल का समजून?"

सविताच्या जिभेवर पंचवीस वर्षांचं सगळं एकदम आलं. पण पहिला शब्द काढणार एवढ्यात तिला आठवलं की या घटकेला चांगुणा तिच्या गोठ्यात वाकून शेण भरत असेल. तिला जयाच्या लग्नाचं साधं आवतण नव्हतं, आणि ते कुणी नाकारलं ते सविताला पक्कं माहीत होतं. जिच्या जिभेचा मार अख्ख्या आळीने खाल्ला होता, तिला त्या दिवशी नवऱ्याला सुनवायला तोंड उरलं नाही. तिसगावला जाऊन यायचं तर तीन तास नुसते जायला-यायला लागले असते, आणि मुहूर्त दोन तासांवर होता.

मग लग्न लागलं. म्हणजे लागता लागता राहिलं आणि मग लागलं. चौथ्या मंगलाष्टकाला माइकवाल्याने भटजींना हाताने थांबवलं आणि चेअरमन आल्याची वर्दी दिली. अंतरपाट धरलेल्यांचे हात भरून आले. चेअरमनसाहेबांनी अक्षता घेतल्या, आशीर्वाद दिला, वधूचं नाव विजया असं घेतलं. कुणीतरी कानात सांगितल्यावर हसून "जया, जया" म्हणाले, आणि आबासाहेबही हसले, जणू मुलीचं नाव चुकणं हा घरावर उपकारच होता. गहिनीनाथ भाचीच्या मागे नव्या टोपीत ताठ उभा होता. सगळ्या मांडवात मुलीच्या आईच्या माहेरचा तेवढा एक माणूस.

अक्षता पडल्या आणि मग गंमत झाली. त्या दिवशी तिथी दाट होती. जो तो घड्याळ पाहत आबासाहेबांपाशी आला, हातात हात दिला, फोटो काढला, "अजून तीन ठिकाणं हायेत" म्हणाला आणि गाडीत बसला. चेअरमन गेले, त्यांचा भाऊ गेला, विरोधक तर दोघांच्याही आधी गेला. सोसायटी गेली, दूध संघ गेला, पोलीस पाटलाचा व्याही रुसला की नाही हे कळायच्या आत तोही गेला. आबासाहेबांनी तरी एवढी वर्षं दुसरं काय केलं होतं? आपणच घालून दिलेला पायंडा आपल्याच दारी आल्यावर त्यांना तो ओळखू येईना, उलट छाती भरून आली. जेवायला बसली ती भिंगारची मंडळी, जयाच्या मैत्रिणी आणि दोन म्हाताऱ्या मास्तरणी. आचाऱ्याने मांडलेल्या लांबच लांब टेबलांवर बरीच ताटं पालथीच राहिली. बुंदीची परात शिगोशीग होती. वांग्याच्या भाजीत या खेपेला वांगी होती, खायला माणूस नव्हता.

जयाची पाठवणी झाली. गाडी भिंगारच्या रस्त्याला लागली, सविताने पदर डोळ्याला लावला, आणि वळून पाहते तर आबासाहेब हात मागे बांधून पातेल्यांची पाहणी करत होते.

"लई मोठी मानसं येऊन गेली," ते समाधानाने म्हणाले. "अन्न मातर उरलं. मी म्हनतो, एक टेम्पो करू अन् तिसगावला धाडून देऊ. तुझी सगळी मानसं पोटभर जेवत्याल. मावशीला बुंदी आवडती ना?"

हे ते मनापासून म्हणाले. त्यात त्यांना आपलं मन मोठं दिसत होतं. ज्यांच्या घरी आवतण गेलं नाही त्यांच्या घरी उरलंसुरलं जाऊ शकतं, एवढी सोय त्यांच्या डोक्यात फार वर्षांपासून बसलेली होती.

"एक कन धाडायचा न्हाई," सविता म्हणाली.

"का? टाकून द्यायचं का मंग?"

"ज्यांच्यासाठी शिजवलं त्यांच्या घरी वाटा. चेअरमनच्या बंगल्यावर न्या पातेलं. बघा दार उघडतोय का."

एवढं बोलून ती भावाकडे गेली आणि शालू आवरून मोटारसायकलच्या मागे बसली. आबासाहेब फेट्यासकट मागून आले, लोक काय म्हनतील असं म्हणाले. लोक केव्हाच निघून गेले होते, हे तिने त्यांना सांगितलं नाही.

नगर मागे पडलं. भिंगारवरून जाताना जयाच्या नव्या घराकडे वळणारा रस्ता दिसला, तिने मान फिरवली नाही. घाट चढताना वारा सुटला आणि शालूचा पदर तिने दातात धरला. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती. सगळा दोष नवऱ्याचा, असं सांगायचं. तो खराच होता. पण प्रत्येक वाक्य थोडं पुढे गेलं की अडखळे, कारण दोनशेच्या शपथेवरून नवऱ्याला टोमणे मारताना तिला तोंड होतं, चांगुणाला खोडताना होतं, आणि मावशीला आणायला जायचं तेवढं एक काम तिने दुसऱ्यावर टाकलं होतं. घाट संपेपर्यंत तिच्याकडे एकही पुरं वाक्य उरलं नाही.

तिसगावात पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. छबूबाई अंगणात बाजरी पाखडत बसली होती. सविता उतरली आणि "मावशी" म्हणाली. म्हातारीने वर पाहिलं. शालू पाहिला, हातातला चुडा पाहिला. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. बाहेर आली ती प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. त्या घरात ही खुर्ची ग्रामसेवक आला, मतं मागायला कुणी आलं, की निघायची. तिने ती पदराने पुसली आणि सवितासमोर ठेवली.

सविता त्या घरात जन्मात खुर्चीवर बसली नव्हती. ती खाली, सुपाशेजारी बसायला लागली.

"खाली नगं," छबूबाई म्हणाली. "लुगडं मळंल. पाव्हन्याला आमी खाली बसवीत न्हाई."

"मी पाव्हनी हाय का गं मावशी?"

छबूबाईला ऐकू गेलं. तिने तोंड फिरवलं नाही, आवाज चढवला नाही. आत हात केला. दाराच्या आड, भिंतीला टेकून एक कापडी पिशवी उभी होती, तोंड गाठ मारून बांधलेलं, आणि वर घडी केलेलं नवं हिरवं लुगडं.

"गहिन्या म्हनला, पाव्हन्यांची यादी भरली," ती म्हणाली. "मी मनाशी म्हनलं, भरंना का. आपून कुठं पाव्हनं हाओत. घरच्या मानसाला न्यायला येत्यालच कुनीतरी. आज सकाळच्यान दोन बारी सडकंला जाऊन आले."

माझं ऐकून घे, समजून घे, असं काहीसं सविताच्या ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच गिळलं. त्या शब्दांची तिला आता किळस आली होती.

छबूबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि परत सुपापाशी जाऊन बसली. "च्या घेनार का जेवनार?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. भाकरी टोपल्यात असायची आणि ती घ्यायची असायची.

गहिनीनाथ अंगणाच्या कडेला गाडीशी काहीतरी करत राहिला. सविताने तांब्या दोन्ही हातांत धरला आणि खुर्चीवर बसली.